वीस नट

गाडी घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, दारं आपटून बघतात, फार तर खाली वाकून गंज शोधतात. माझ्या पप्पांनी जुन्या गाड्यांच्या त्या दुकानात पहिला प्रश्न विचारला तो असा : "लॉक नटची चावी कुठाय?"

विकणारा पोरगा माझ्याच वयाचा होता. त्यानं गाडीची चावी पुढे केली.

"ही नव्हं. चाकाची."

चाकाला चावी असते हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यालाही नसावं, कारण तो आत जाऊन दोघांना विचारून आला. पप्पा तोवर उकिडवे बसून मला पुढचं चाक दाखवत होते. गाडी २०१९ची हॅचबॅक, आधीच्या मालकानं हौसेनं बाहेरून अलॉय व्हील्स बसवून घेतलेली. प्रत्येक चाकाला चार नट. त्यातले तीन नेहमीचे, सहा बाजूंचे. चौथा मात्र बाहेरून गोल गुळगुळीत आणि तोंडावर वेडीवाकडी खाच, कुणी फूल काढता काढता मध्येच मुद्दाम बिघडवल्यासारखी. पंधरा मिनिटांनी चावी सापडली. डिकीत, जॅकच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. अंगठ्याच्या दोन पेरांएवढा लोखंडाचा तुकडा. पप्पांनी तो चारही चाकांना लावून बघितला आणि मगच बॉनेट उघडायला सांगितलं.

पप्पा कराडच्या एसटी आगारात ३१ वर्षं मेकॅनिक होते. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे चार चाकं आणि त्यांच्यावर ठेवलेलं सामान. हातोडीनं नटांवर टिचक्या मारत ते बसभोवती फिरायचे आणि नुसत्या आवाजावरून कुठला ढिला आहे ते सांगायचे. घट्ट नट 'टण्ण' बोलतो, ढिला 'खट्ट'. लहानपणी मला वाटायचं, हे सगळ्यांच्याच बापांना येतं.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चाकाला गाडीशी धरून ठेवतात ते फक्त हे चार-पाच नट. (काही युरोपीय गाड्यांना नटांऐवजी बोल्ट असतात, पण गोष्ट तीच.) मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १९ नंबरचा पाना लागतो, ह्युंदाईला २१. हे दोन पाने ज्याच्या खिशात आहेत त्याच्यापुढे आमची निम्मी गल्ली उघडी पडलेली असते. आपण दारांना सेंट्रल लॉकिंग करतो, इंजिनाला इमोबिलायझर बसवतो, आत डॅशकॅम लावतो, आणि पन्नास-साठ हजारांची चाकं बाहेर कुणालाही सोडवता येतील अशी ठेवतो.

पण ही कंपन्यांची बेफिकिरी नाही. नट तसेच असायला हवेत. रात्री रस्त्यात टायर बसला तर अनोळखी ट्रकवाल्याचा पानासुद्धा तुमच्या नटाला लागला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. आपण ज्याला स्टेपनी म्हणतो तिचा जन्मच या मदतीच्या गरजेतून झाला. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. १९०४मध्ये वेल्समधल्या लानेली नावाच्या गावात स्टेपनी स्ट्रीटवरच्या एका दुकानातून टायर चढवलेली नुसती धाव विकायला सुरुवात झाली. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाजूनं आवळायची आणि पुढे जायचं. कंपनी गेली, रस्त्याचं नाव आपल्या पंक्चरवाल्यांच्या तोंडी राहिलं. आता तीच स्टेपनी चोर आधी उचलतात, विशेषतः अर्टिगा किंवा इनोव्हासारख्या गाड्यांची, कारण ती मागे पोटाखाली टांगलेली असते.

लॉक नट हा मदतीचा हिशेब मोडतो. प्रत्येक चाकाचा एक नट असा करायचा की जगातला कुठलाही साधा पाना त्याला बसणार नाही. त्याच्या नक्षीला बसेल अशी एकच चावी, आणि त्या चावीच्या दुसऱ्या टोकाला पाना. काही चांगल्या नटांना बाहेरून मोकळी फिरणारी कडी असते. वरून काही ठोकून बसवलं तरी कडी नुसती गरगरते, नट हलत नाही. एका चाकाला एकच पुरतो. बाकीचे तीन सुटले तरी चाक निघत नाही.

मी राहते ती सोसायटी धायरीत, मुख्य रस्त्यापासून बरीच आत. तीन विंग. पार्किंग कमी आणि गाड्या जास्त, त्यामुळे दहा-बारा गाड्या बाहेरच्या रस्त्यावर कंपाउंडच्या भिंतीला लागून उभ्या असतात. माझी त्यात. मी भाडेकरू, मला आत जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या मागे बी विंगमधल्या काकांची गाडी. आठ महिन्यांची छोटी एसयूव्ही, मुलाच्या हट्टापायी वेगळे १७ इंची अलॉय बसवलेली. काका दर रविवारी ते जुन्या टूथब्रशनं घासायचे. चाकाला पाच नट. चार चाकं, वीस नट. लॉक एकही नाही.

२०२४च्या गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी दूधवाल्यानं ती गाडी पाहिली. चार चाकं गायब आणि गाडी सिपोरेक्सच्या ब्लॉकांवर. शेजारच्या बांधकामावरून उचललेले ब्लॉक. सिपोरेक्स हलकं असतं, त्यातला एक वजनानं फुटला होता आणि पुढच्या डाव्या ब्रेकची डिस्क डांबरात रुतली होती. गाडी एका गुडघ्यावर टेकल्यासारखी दिसत होती. नट चोरांनी तिथेच टाकले होते. मी आणि काकांच्या मुलानं ते गोळा केले. एकोणीस. विसावा गटारात गेला असावा.

समोरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात सगळं होतं. पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी एक छोटा टेम्पो येतो. नंबरप्लेटवर चिखल. दोघं उतरतात. त्यातला एक आधी माझ्या गाडीशी येतो, खाली बसतो, मोबाइलचा उजेड पुढच्या चाकावर टाकतो, मग मागच्या. उठतो. मागच्या गाडीकडे जातो. ३ वाजून २१ मिनिटांनी टेम्पो निघून जातो. नऊ मिनिटं.

मी ती क्लिप किती वेळा पाहिली असेल. तो माझ्या चाकांशी एकूण सात सेकंद होता. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सुटलो बाबा असं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा तसं वाटलं नाही. लॉक नट विकणारे जे सांगतात ते अगदी तसंच घडलं होतं : चोर दुसऱ्या गाडीकडे वळतो. ती दुसरी गाडी ज्याची असते तो माणूस संध्याकाळी लिफ्टमध्ये आपल्या शेजारी उभा असतो, हे पाकिटावर छापलेलं नसतं.

आणि मग मामा.

मामा म्हणजे आमचे रात्रीचे वॉचमन. उदगीरकडचे, पन्नाशी उलटलेले. रात्री आठ ते सकाळी आठ, एजन्सीमार्फत, हातात साडेतेरा हजार. सुट्टी घेतली की त्या दिवसाचे कापले जायचे. चोरी उघडकीला आली सकाळी सहाला, आणि नऊ वाजेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निकाल लागला होता. 'वॉचमन झोपला होता.' 'नऊ मिनिटं काय करत होता?' 'मिळालेला असणार, या लोकांचं काही सांगता येत नाही.' रविवारी कमिटीची मीटिंग ठरली. विषय दोन : मामांना काढणं, आणि त्यांचा त्या महिन्याचा पगार एजन्सीकडून कापून घेणं.

बी विंगमधल्या काकांवर माझा राग नव्हता. त्या माणसाची गाडी ब्लॉकांवर उभी होती आणि तिचा हप्ता दर पाच तारखेला जात होता. माणूस हाताशी असेल त्याच्यावर चिडतो. चोर हाताशी नव्हता, मामा होते.

पप्पा त्या दिवसांत माझ्याकडे होते. आगारातल्या रात्रपाळ्यांनी त्यांची झोप कायमची बिघडवली आहे, तीन वाजता डोळे उघडतातच. माझ्याकडे आले की ते पहाटे खाली जातात, मामांसोबत चहा घेतात. त्या रात्री पाऊस होता म्हणून गेले नव्हते, पण जागे होते. ग्रुपवरचे मेसेज मी त्यांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "झोपला कुठला? मोटार चालू होती की. मी ऐकली."

सी विंगच्या मागे पाण्याच्या मोटारीची खोली आहे. पहाटे पाणी येतं तेव्हा वरच्या टाक्या भरायला मोटार हातानं चालू करावी लागते आणि टाकी भरली की हातानं बंद. सेन्सर बसवायचा ठराव दोन वर्षं कमिटीपुढे पडून होता. आदल्या उन्हाळ्यात एकदा टाकी वाहून गेली तेव्हा मामांना सगळ्यांसमोर बोलणी बसली होती, तेव्हापासून ते मोटार बंद होईपर्यंत तिथून हलत नसत. पप्पांनी गेटवरचं रजिस्टर मागवलं. मामांच्या गोल गोल अक्षरात लिहिलेलं होतं : ३.०५ मोटार चालू. ३.३० बंद.

रजिस्टर कुणीही मागाहून भरू शकतं, असं सेक्रेटरी म्हणाले. बरोबरच होतं ते. भाडेकरूच्या बापाला मीटिंगमध्ये बोलायचा हक्क नाही, हेही बरोबर होतं. म्हणून पप्पांनी मीटिंगआधी सगळ्यांना दहा मिनिटांसाठी पार्किंगमध्ये बोलावलं. आठ-नऊ जण आले, काही नुसते गंमत बघायला.

माझी गाडी आत आणून ठेवली होती. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून पप्पांनी ट्रॉली जॅक आणि बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन उसनी आणली होती, ड्रिल मशीनसारखी दिसते ती. मागच्या डाव्या चाकाचा लॉक नट त्यांनी चावीनं काढून तिथे साधा नट लावला. बाकीच्या चाकांना दगड. मग सेक्रेटरींना म्हणाले, "साहेब, तुम्ही जरा मोटारीच्या खोलीत जाऊन उभं राहता का? मोटार चालू करा. काही ऐकू आलं की हाक मारा."

सेक्रेटरी गेले. मोटार चालू झाली. माझ्या हातात मोबाइलवर स्टॉपवॉच.

जॅक लावण्यापासून चाक बाहेर येऊन जमिनीवर आडवं होईपर्यंत ४८ सेकंद. गन नटाला लागली की 'घुर्र' करते, दोन-तीन सेकंद, बस्स. पप्पांचं वय ६१, एक गुडघा दुखरा. ते उठून हात पुसत म्हणाले, "मी एकटा आणि म्हातारा. ते दोघं होते."

सेक्रेटरींची हाक आली नाही. बोलवायला माणूस पाठवावा लागला. आल्यावर त्यांनी विचारलं, "सुरू केलं का?"

मग पप्पांनी चाक परत चढवलं, लॉक नट बसवला, सेक्रेटरींना पुन्हा खोलीत पाठवलं आणि चावी माझ्या हातात दिली. आता चावीशिवाय. गनचा सॉकेट त्या गोल नटावर नुसता घसरत राहिला. पप्पांनी पिशवीतून एक जुना, गंजका सॉकेट काढला. पुण्यात आले की ते बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जातातच, तिथून असलं काहीबाही आणतात. नटापेक्षा किंचित लहान सॉकेट हातोडीनं नटावर ठोकायचा, तो चावा घेऊन बसला की पाना लावून फिरवायचा. ठण, ठण, ठण. पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या. ए विंगमधला कुत्रा भुंकायला लागला. दोनदा सॉकेट निसटला. चार मिनिटं आणि काही सेकंदांनी नट सुटला, पार चेपलेला. त्याआधीच सेक्रेटरी स्वतःहून परत आले होते. मोटार चालू असताना त्यांना ते ठोकणं ऐकू आलं होतं.

"ह्या नटानं चोर थांबत नाही," पप्पा म्हणाले. "त्याला आवाज करावा लागतो. मग वॉचमनला कळतं. तुम्ही आवाजाचं काही केलेलंच नाही आणि ऐकलं नाही म्हणून त्याला काढताय."

माझा चार नटांचा सेट तीनचा झाला. मी त्यांना रात्री तसं म्हणालेही. ते म्हणाले, एकच गेला.

मीटिंगमध्ये मामांचा पगार न कापण्याचं ठरलं. दोघांनी विरोध केला, पण ठरलं. काढायचा विषयही मागे घेतला. तरी महिनाअखेरीस एजन्सीनं त्यांची बदली वाघोलीच्या एका साइटवर केली. नोटीस वगैरे काही नाही. सुपरवायझर म्हणाला, मेंबर लोकांची नाराजी आहे. मामांची खोली नऱ्ह्यात होती. नऱ्हे शहराच्या या टोकाला, वाघोली त्या टोकाला. त्यांनी खोली सोडली.

काकांनी पोलिसांत तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३खाली चोरीचा गुन्हा नोंदवला गेला, चाकं सापडली नाहीत. विम्याचं सांगण्यासारखं आहे, कारण ते बहुतेकांना उशिरा कळतं. बाहेरून बसवलेले अलॉय पॉलिसीत वेगळे दाखवून त्यांचा हप्ता भरलेला नसेल तर ते विम्याच्या दृष्टीनं गाडीवर नसतातच. टायरवर थेट ५० टक्के घसारा लागतो, वर ठरलेली रक्कम कापली जाते ती वेगळी. काकांच्या हाती जे पडलं त्यात दोन टायरही आले नसते. आता त्यांच्या गाडीला साध्या लोखंडी रिम आणि वर प्लॅस्टिकच्या टोप्या आहेत. मला विचाराल तर चोरी टाळायचा तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे, पण अलॉय घासत बसलेल्या माणसाला हे सांगायला तोंड कुठून आणायचं?

यानंतर सोसायटीत लॉक नटांची लाट आली. २७ गाड्यांसाठी एकत्र ऑर्डर द्यायची ठरली आणि पप्पा एका रविवारात सगळ्यांचे सल्लागार झाले. बरं झालं, कारण नट दिसायला सारखे असले तरी सारखे नसतात. मारुतीच्या नटाचे आटे १२ बाय १.२५, ह्युंदाई-होंडाचे १२ बाय १.५. चुकीचा नट दोन आटे छान जातो, मग अडतो, आणि तिथे कुणी जोर केला की आतला बोल्टच खराब. शिवाय नटाचं बूड : बऱ्याच गाड्यांत ते निमुळतं असतं, होंडाच्या मूळ रिमला गोलाकार लागतं. चुकीचं बूड बसल्यासारखं वाटतं आणि चालता चालता ढिलं होतं. चोरानं चाक नेलं तर गाडी उभी असताना नेतो. चुकीचा नट ते ऐंशीच्या वेगात काढून देतो. पप्पांनी यादीतली सहा मॉडेलं वेगळी काढली आणि प्रत्येकाकडून चावीवरच्या कोड नंबरचा फोटो काढून घेतला. चावी हरवली तर त्या नंबरावर दुसरी मागवता येते. नंबर नसेल तर मग चेपून काढा.

चावी ठेवायची कुठे, यावर मात्र एकमत झालं नाही. घरी ठेवली तर रस्त्यात उपयोग नाही. गाडीत ठेवली तर चोर काच फोडून आधी तीच शोधेल. बहुतेकांनी ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवली. माझं म्हणणं, गाडीतच ठेवावी, पण जॅकजवळ नाही आणि ग्लव्ह बॉक्समध्येही नाही. माझी कुठे आहे ते लिहीत नाही.

ती चावी जागेवर असूनही काय होतं, ते फेब्रुवारीत कळलं. कराडला आत्याची बायपास होती, सकाळी साडेआठला आत नेणार होते. मी आणि आई पहाटे पाचला निघालो. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याच्या अलीकडे पुढचा डावा टायर बसला. साडेसहाला दहा कमी, अजून अंधारच, कडेनं ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी गाडी हलत होती. स्टेपनीत हवा होती. जॅक होता. तीन नट मी पान्यावर उभी राहून सोडवले. चौथ्यासाठी पिशवीतून चावी काढली, लावली, आणि ती फिरली. नट नाही, नुसती चावी. मोबाइलच्या उजेडात बघितलं तर चावीच्या आतल्या नक्षीचे तीन दात तुटलेले.

दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगमध्ये चाकं पुढची मागे करून घेतली होती. तिथे कुणीतरी चावीवर गन मारली असणार, आणि तुटल्यावर पुसून परत पिशवीत घातली असणार. या चाव्या हातानं फिरवायच्या असतात, गननं नाही. आई म्हणाली, सांगितलं असतं तरी चाललं असतं गं, दुसरी घेतली असती.

अर्धा किलोमीटर मागे पंक्चरचं दुकान दिसलं होतं. आईला गाडीत बसवायचं का बाहेर, यावर आमचं तिथेच भांडण झालं. शेवटी ती भिंतीपलीकडे शेतात उभी राहिली आणि मी चालत गेले. दुकानाबाहेर बाजल्यावर एक माणूस झोपला होता. मूळचा केरळचा, २८ वर्षं याच रस्त्यावर, सगळे अण्णा म्हणतात. माझ्यापेक्षा चांगलं साताऱ्याचं मराठी बोलतो. उठला, तोंड धुतलं, आणि मी 'लॉक नट' म्हटल्यावर आत जाऊन वेगळी पेटी घेऊन आला. आतून उलटे आटे असलेले सॉकेट. नटावर ठोकून बसवायचे आणि सोडवायच्या दिशेनं फिरवायचे, जितका जोर लावू तितके ते नटाला घट्ट धरतात.

मी सारखं घड्याळ बघत होते. तो बघत नव्हता. एक सॉकेट बसवून बघितला, काढला, दुसरा घेतला. नटाभोवतीची रिम खरचटू नये म्हणून ट्यूबचा तुकडा कापून आत सरकवला. त्या अलॉयची तेवढी काळजी मी कधी घेतली नव्हती.

"अण्णा, चोर हे दोन मिनिटांत काढतात म्हणे," मी म्हणाले. बोलायचं म्हणून.

"चोराला घाई असती, ताई," तो म्हणाला. "मला कुठं जायाचंय?"

पंचवीस मिनिटं लागली. मग त्यानं उरलेल्या दोन चाकांचे लॉक नटही काढायचे का, असं विचारलं. चावी तर गेलीच होती. पुढे दुसरा टायर बसला तर काय करणार होतो? मी हो म्हणाले. त्यानं साधे नट लावले, टॉमी बाजूला ठेवली आणि छोट्या पान्यानं हातानं घट्ट केले. शेवटी पान्याच्या टोकावर अंगाचा थोडा भार. या नटांना साधारण १०० न्यूटन-मीटरची पकड लागते. वीतभर लांबीच्या पान्यावर चाळीस-पंचेचाळीस किलोचा भार टाकला की तेवढं होतं. उभं राहून नाचायची गरज नसते, जे मी सोडवताना केलं होतं आणि आधीच्यानं आवळताना. साताऱ्याला थांबून एकदा बघा म्हणाला, नवं चाक चढवलं की पन्नास-शंभर किलोमीटरनं नट पुन्हा तपासायचे असतात. दोनशे रुपये घेतले. मी जास्त देऊ केले तर म्हणाला, पंक्चरचे वेगळे, ते येताना.

आम्ही कराडला पोचलो तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. आत्याला आत नेलं होतं. पप्पा जिन्याशी उभे होते. ती आईची वाट बघत होती एवढंच म्हणाले. चार तासांनी डॉक्टर बाहेर आले, सगळं नीट झालं होतं. आत्या आता रोज सकाळी चालायला जाते आणि आईला अजून त्यावरून बोलते. पप्पांनी त्या संध्याकाळी तुटकी चावी हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघितली. मला वाटलं, सर्व्हिसवाल्यांना शिव्या देतील. ते म्हणाले, मऊ लोखंड आहे, आणि खिशात टाकली.

मी नवे लॉक नट घेतले. फिरत्या कडीचे, एकवीसशे रुपयांना. लावताना मागच्या गाडीकडे नजर जातेच. तिथे आता सी विंगमधल्या एका मुलीची गाडी असते, अलॉयवाली. तिला मी विचारलं, तुझ्या नटांना लॉक आहे का? आहे म्हणाली. मग ती गाडी सोडून माझी नजर तिच्याही मागच्या गाडीवर गेली.

मामा आणि पप्पा रविवारी फोनवर बोलतात. दोन महिन्यांपूर्वी पप्पा माझ्याकडे असताना मामांचा फोन आला, स्पीकरवर. वाघोलीची साइट मोठी आहे, तीनशे फ्लॅट, सगळीकडे कॅमेरे, मामांकडे बेसमेंट. पप्पा त्यांना सांगत होते, फेरी मारताना टॉर्च चाकांवर मारू नका, गाडीच्या पोटाखाली मारा, जॅक तिथं दिसतो. आणि भिंतीकडेला कुठं ब्लॉक, विटा पडल्या असतील तर दिवसाच उचलायला लावा. मामा हो हो म्हणत होते. मग पप्पांनी विचारलं, पाण्याचं कसं काय तिकडं?

"इथं मोटारीला सेन्सर हाय," मामा म्हणाले. "आपोआप बंद होती."